वाहिनी आणि क्षेत्र

कार्डिओग्राम काढून घेण्याचा प्रसंग आमच्या वयाच्या बहुतेकांवर एकदा तरी येऊन गेलेला असतो. सदरा काढून उताणे निजावयाचे, दोन्ही मनगटांना व दोन्ही घोट्यांना चिमटे लावून घ्यावयाचे, छातीवर थंडगार मलमाचे ठिपके सोसावयाचे आणि "हलू नका, बोलू नका" ही आज्ञा पाळीत छताकडे पाहत राहावयाचे. त्या दोन मिनिटांत माणूस काहीच करीत नाही. त्याच्या देहातून जे वाहते ते तो वाहू देतो, एवढेच. अलीकडे असेच निजलो असताना आमचे लक्ष चिमट्यांच्या रंगांकडे गेले. तांबडा, पिवळा व हिरवा हे तीन मोजमापाचे असतात. चौथा, उजव्या पायाचा काळा, हा मात्र कागदावर एकही रेघ उमटवीत नाही. मग तो कशासाठी, असे आम्ही तंत्रज्ञास विचारले. तो म्हणाला, "आजोबा, तो नसला तर बाकीच्या तिघांचं काही खरं नाही." पुढे चौकशी करता कळले की बाकीच्यांना मोजमापासाठी स्थिर आधार मिळावा आणि खोलीतील दिव्यापंख्यांच्या विजेची कुरकुर लेखात शिरू नये, एवढ्यासाठीच त्याची योजना असते. काम आहे, पण लेखात नाव नाही.

हा काळा चिमटा मनात ठेवूनच आम्ही आजच्या विषयाकडे वळतो. माणसाचा देह हा संदेश वाहून नेणारी तार आहे असे मानून गणित मांडले, तर त्यात नीतीच्या दृष्टीने काही बिघडते काय, असा आमचा प्रश्न आहे. प्रश्न हवेतला नाही. तीस वर्षांहून अधिक काळ जगातील अनेक प्रयोगशाळांत हे गणित मांडले जात आहे.

१९९५ साली अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या मीडिया लॅबमध्ये टॉमस झिमरमन यांनी एक प्रबंध सादर केला. माणसाने अंगावर बाळगलेली यंत्रे एकमेकांशी बोलावयाची तर त्यांना वेगळी तार कशाला हवी, ज्या देहावर ती आहेत तो देहच तारेचे काम करील, अशी त्यातली कल्पना. पुढच्याच वर्षी आयबीएम कंपनीने लास वेगासच्या कॉमडेक्स प्रदर्शनात तिचे प्रात्यक्षिक दाखविले. दोघांनी हस्तांदोलन केले की एकाच्या यंत्रातील नावपत्ता दुसऱ्याच्या यंत्रात उतरावयाचा. त्यासाठी देहातून जाणारा प्रवाह अँपियरच्या अब्जांशाएवढा, म्हणजे कोणालाही जाणवणार नाही इतका सूक्ष्म. आणि वेग सेकंदास २४०० बिट. पाहणाऱ्यांना ती गंमत वाटली असेल. आज कानातील श्रवणयंत्र, रक्तातील साखर मोजणारी दंडावरची चकती, मनगटावरचे घड्याळ आणि छातीतील पेसमेकर अशी चार यंत्रे एकाच म्हाताऱ्याच्या अंगावर असू शकतात, तेव्हा ती गंमत उरलेली नाही. ही यंत्रे बहुधा रेडिओलहरींनी बोलतात, आणि रेडिओलहरी खोलीभर पसरतात. देहातून बोलणे कमी विजेत होते आणि देहापाशीच राहते. २०१२ साली आयईईई या संस्थेने देहावरच्या जाळ्यांसाठी जो प्रमाणग्रंथ काढला त्यात देहमार्गे संदेशासाठी २१ मेगॅहर्ट्‌झची जागा राखून ठेवलेली आहे. २०१९ साली अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठात श्रेयस सेन व त्यांच्या सहकाऱ्यांनी याहूनही कमी वारंवारतेवर प्रयोग करून दाखविले की देहातून जाणारा असा संदेश वीतभर अंतरापलीकडे टिपता येत नाही. तोच रेडिओने पाठविला तर पाच मीटरांवरचा परका माणूसही तो ऐकू शकतो. खाजगीपणाच्या दृष्टीने हा लाभ मोठाच आहे. तो नाकारून पुढचे लिहिणे अप्रामाणिकपणाचे होईल.

आता हे गणित मांडतात कसे? देह हा खारट पाण्याने भरलेला, वर कोरड्या कातडीचे वेष्टण असलेला एक पिंड. स्नायू आणि रक्त विजेला वाट देतात. चरबी, हाड आणि कातडीचा वरचा कोरडा थर ती अडवितात. लहरींची वारंवारता दहा लाख असेल तर हवेत एका लहरीची लांबी तीनशे मीटर भरते. तिच्यापुढे साडेपाच फुटांचा माणूस म्हणजे बिंदूच. त्यामुळे अशा संदेशाच्या दृष्टीने डोक्यापासून पायापर्यंतचा सारा देह एकाच पातळीवर वर-खाली होतो, एखाद्या तांब्याच्या गोळ्यासारखा. इथवर सोपे आहे. पण विजेला नुसती जाण्याची वाट पुरत नाही, परतीचीही लागते. मंडल पूर्ण झाल्याशिवाय काही वाहत नाही. देह ही जाण्याची वाट झाली, तर परतीची कोणती? ती हवेतून, भिंतींतून, जमिनीतून जाते. अंगावरचे यंत्र आणि भोवतालची जमीन यांच्यात जी अतिसूक्ष्म धारकता असते तिच्यातून संदेशाचे मंडल पुरे होते. या वाटेमुळे संशोधकांची फसगतही झालेली आहे. भिंतीतील सॉकेटला जोडलेली मोजमापयंत्रे वापरली की संदेशास परतीचा राजरस्ता मिळे आणि देह फार उत्तम वाहक आहे असे आकडे निघत. तीच यंत्रे बॅटरीवर चालवून अंगावर बांधली की आकडे कोसळत. देहाचे म्हणून जे गुण मोजले गेले होते, त्यांतले बरेचसे भिंतीचे होते.

आणखी एक गोष्ट यातून निघते. परतीची वाट भोवतालातून जात असल्यामुळे शेजारी कोणी येऊन उभे राहिले तरी वाहिनी बदलते. हातात हात दिला तर दोघे मिळून एकच वाहक होतात. "माझ्या देहातून जाणारा माझा संदेश" हे वाक्य गणिताला मान्य नाही. माझा देह कोठे संपतो हेच त्याला नक्की सांगता येत नाही.

प्रतिरूप म्हटले की त्यात थोडे खोटे असावयाचेच. लायडनच्या विलेम आइंटहोवन यांनी हृदयाची वीज मोजताना दोन हात आणि डावा पाय ही समभुज त्रिकोणाची तीन टोके, हृदय बरोबर मध्यावर, आणि सारा देह आतून एकजिनसी, असे धरून चालले होते. माणसाचे धड समभुज त्रिकोण नाही, आणि एकजिनसी तर मुळीच नाही. तरीही १९१३ साली मांडलेल्या त्या त्रिकोणावर आजही जगभर कार्डिओग्राम वाचले जातात, आणि १९२४ चे नोबेल पारितोषिक त्यांना मिळाले ते योग्यच होते. त्यांनीच १९०५ साली रुग्णालयातील रुग्णाच्या हृदयाचे स्पंद टेलिफोनच्या तारेवरून दीड किलोमीटरवरच्या आपल्या प्रयोगशाळेत नेले होते. देह आणि तार यांचा हा जोड म्हणजे झिमरमनच्या कल्पनेचा आजा. खोटे धरून चालण्याबद्दल आमची तक्रार नाही. आपण काय गाळले हे ज्याला ठाऊक आहे त्याचे गाळणे क्षम्य असते.

काय काय गाळले जाते ते मात्र पाहण्यासारखे आहे. मानवी देहाचे विद्युत्‌गुण म्हणून जगभरचे अभियंते ज्या कोष्टकांचा आधार घेतात ती लंडनमध्ये गॅब्रिएल व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ साली प्रसिद्ध केली. त्यांतील पुष्कळशी मोजमापे नुकत्याच मारलेल्या मेंढ्यांच्या अवयवांवर केलेली आहेत. माणसाचे काही अवयव शवविच्छेदनातून मिळाले. आणि जिवंत माणसावर मोजली ती कातडी व जीभ. तेव्हा 'मानवी देह' या शब्दांत अंमळ मेंढीही आहे. देहाचा आकार कोठून आला, तर अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यक ग्रंथालयाने १९९४ साली प्रसिद्ध केलेल्या एका पुरुषदेहाच्या चित्रमालिकेवरून अशी अनेक प्रतिरूपे रचली गेली. तो देह टेक्सासमध्ये १९९३ साली खुनाच्या गुन्ह्यासाठी देहांताची शिक्षा भोगलेल्या कैद्याचा होता. तो गोठवून एकेक मिलिमीटर जाडीचे १८७१ काप घेऊन त्यांची छायाचित्रे काढण्यात आली. देहदानाच्या कागदावर त्याने सही केलेली होती. कोठडीत मरणाची वाट पाहणाऱ्या माणसाच्या सहीला संमती म्हणावे काय, यावर तेव्हाही वाद झाला आणि तो मिटलेला नाही. पुढच्या वर्षी जो स्त्रीदेह प्रसिद्ध झाला त्या बाईचे नाव जाहीर झालेच नाही.

देहाला वाहिनी करण्याच्या इतिहासात नावे नसलेली माणसे पहिल्यापासून आहेत. १७२९ साली इंग्लंडात स्टीफन ग्रे हे वीज किती लांब नेता येते हे पाहत होते. सुतळीची लांब ओळ त्यांनी रेशमाच्या धाग्यांवर तोलून धरली होती. रेशीम निवडले ते बारीक म्हणून. धागे तुटले, तेव्हा तितकीच बारीक पितळी तार त्यांनी आधारास लावली, आणि वीज पुढे जाईनाशी झाली. बारीकपणाचा संबंध नाही, पदार्थाचा आहे. काही पदार्थ वीज वाहतात आणि काही वाहत नाहीत, हे त्या दिवशी कळले. पुढील वर्षी त्यांनी आठनऊ वर्षांच्या एका मुलाला रोधक दोऱ्यांवर आडवे टांगले, घासलेली काचेची नळी त्याच्या पायांजवळ नेली, आणि त्याच्या चेहऱ्याकडे सोनेरी वर्खाचे कपटे उडू लागले. ज्यांच्या आश्रयास स्वतः ग्रे होते त्या चार्टरहाउस या लंडनच्या धर्मादाय संस्थेतील तो मुलगा होता, असे सांगतात. त्याचे वजन कपड्यांसकट किती भरले याची नोंद आहे, नावाची नाही. १७४६ साली फ्रान्समध्ये आबे नोले यांनी राजासमोर १८० शिपायांना हातात हात देऊन उभे केले व त्यांच्यातून लायडन बरणीचा झटका सोडला. मग पॅरिसच्या मठातील सुमारे २०० संन्यासी लोखंडी तारांनी एकमेकांस जोडून घेतले. सारे एकदम उडाले. वीज किती वेगाने जाते हा प्रश्न सुटला नाही, पण दरबार खूष झाला. त्या दोनशेंपैकी एकाने तरी नंतर काय म्हटले हे जाणून घ्यावयास आम्हांस आवडले असते.

ग्रे यांच्या रेशमाची गोष्ट वाचली तेव्हा आम्हांस आमची आजी आठवली.

आमचे घराणे गायकवाडी काळात बडोद्यास आले. घरात आजीचे सोवळे कडक. ज्यांच्या घरी हे होते त्या वाचकांस सांगावयास नको. ज्यांच्या घरी नव्हते त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. विटाळ ही एक वाहणारी वस्तू मानलेली होती. ती स्पर्शाने एका देहातून दुसऱ्यात जाई. कोणता पदार्थ तिला वाट देतो आणि कोणता अडवितो याचे पक्के कोष्टक आजीच्या डोक्यात होते. सुती कापड वाहक. ते धुऊन, कोणाचा हात लागणार नाही अशा उंच काठीवर वाळविलेलेच चाले. रेशमी मुकटा व लोकरीची धाबळी रोधक. कोरडे धान्य कोणीही आणून टाकावे, त्याला पाणी लागले की ते वाहू लागे. तांब्यापितळेचे भांडे घासून घेता येई, मातीचे फोडावे लागे. बाजूला बसलेल्या आईकडे जावयाचे तर आम्हां लहान मुलांचे कपडे काढून घेत. उघडे मूल विटाळ वाहत नसे, त्याचा अंगरखा वाही. ग्रे यांना जे शोधावे लागले ते आमच्या स्वयंपाकघरात पिढ्यान्‌पिढ्या पाठ होते, असे म्हणून छाती फुगवावी असा मोह एखाद्यास होईल. आम्ही तो मोह निक्षून टाळतो. रेशीम दोन्हीकडे रोधक निघाले, हा योगायोग. विजेच्या कोष्टकामागे मोजमाप होते. आजीच्या कोष्टकामागे मोजमाप नव्हते, आणि त्या कोष्टकात काही माणसे जन्मभरासाठी लिहिलेली होती.

काय लिहिलेले होते याची एक साक्ष आमच्याच गावची आहे. १९१७ साली कोलंबिया व लंडन येथील अभ्यासानंतर डॉ. बाबासाहेब आंबेडकर बडोदे संस्थानच्या नोकरीत रुजू झाले. राहावयास कोणी जागा देईना. पारशी सराईत परक्या नावाने उतरले असता काठ्या घेतलेल्या जमावाने त्यांना तेथून निघावयास लावले, आणि गाडीची वेळ होईपर्यंत ते कमाटीबागेत बसून राहिले, हे त्यांनी स्वतःच लिहून ठेवले आहे. कचेरीतले शिपाई फायली दुरून त्यांच्या टेबलावर फेकीत, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. मजकूर पोहोचला पाहिजे आणि स्पर्श होता कामा नये, यासाठी काढलेली ती युक्ती होती. शिपायांनाही आपण काही क्रूर करीत आहोत असे वाटत नसावे. ते एका प्रतिरूपाप्रमाणे वागत होते. दहा वर्षांनी, १९२७ च्या मार्चमध्ये, महाडच्या चवदार तळ्याला हात लागला तेव्हा तेथील सनातन्यांनी तळे शुद्ध करून घेतले. त्यांच्या गणितात सबंध तळे वाहक ठरले होते. त्याच कमाटीबागेत आमच्या घरची मंडळी सायंकाळी फिरावयास जात असत. त्या बाकावरच्या तरुणाची हकिकत आमच्या घरात कधी कोणी सांगितली नाही. ती आम्ही पुस्तकात वाचली, तीही कॉलेजात गेल्यावर.

विद्युत्‌संदेशाचे गणित आणि विटाळाचे गणित यांना आम्ही एका पंक्तीस बसवीत आहोत असे कोणी समजू नये. पहिले खरे आहे, दुसरे खोटे होते आणि त्याने माणसे चिरडली. पण एका बाबतीत दोन्ही सारखी आहेत, आणि आमचा मुद्दा तोच आहे. दोन्हींना हेतू कळत नाही. स्पर्श जाणून झाला की नकळत, प्रेमाने झाला की गर्दीत रेटा बसून, झोपेत की शुद्धीवर, याने वाहण्यात काही फरक पडत नाही. चुकून पदर लागला तरी आजी पुन्हा न्हात असे. आणि झिमरमनच्या हस्तांदोलनात समोरच्याचा हात शिष्टाचार म्हणून धरला की निरोप म्हणून, हे यंत्राला समजण्याची सोय नव्हती.

या विद्येचे समर्थक स्पर्शाचे जे गुण सांगतात ते ऐकावयास गोड लागतात. रेडिओ कोणाचाही ऐकू येतो, स्पर्श मात्र आपण निवडून करतो. म्हणून स्पर्श हीच संमती मानावी. दाराच्या मुठीला हात लावला की दार उघडावे, यंत्राला बोट लावले की पैसे चुकते व्हावेत. एकट्या माणसाच्या दिवाणखान्यात हे ठीक. आमची लोकलगाडी, आमची देवळाची रांग, आमचा सरकारी दवाखाना यांत स्पर्श निवडून होतो काय? बेशुद्ध माणसाचे बोट कोणीही उचलून यंत्रावर ठेवू शकतो. अंगठे उठवून घेऊन जमिनी गिळल्याच्या कथा आपल्या प्रत्येक घराण्याच्या दप्तरात, एका ना एका बाजूने, सापडतील. बटण दाबल्याशिवाय संदेश जाणार नाही अशी व्यवस्था करता येते, आणि ती करावीही. पण ती प्रतिरूपातून आपोआप निघत नाही. प्रतिरूपात धारकता आहे, रोध आहे, परतीची वाट आहे. 'विचारले काय?' हे पद त्या समीकरणात नाही. ते बाहेरून घालावे लागते, आणि घालणारा विसरला तरी समीकरण सुटतेच.

कायद्यालाही हे कोडे नवे नाही. काठी कालू ओघड या १९६१ च्या खटल्यात, ज्यात एक पक्ष तेव्हाचे मुंबई राज्य होते, सर्वोच्च न्यायालयाच्या अकरा न्यायमूर्तींनी असा भेद केला की आरोपीच्या अंगठ्याचा ठसा घेणे म्हणजे त्याला स्वतःविरुद्ध साक्ष द्यावयास लावणे नव्हे. ठसा ही देहाची खूण आहे, त्याच्या मनातले ज्ञान नव्हे. २०१० साली सेल्वी खटल्यात त्याच न्यायालयाने नार्को चाचणी, खोटे पकडण्याचे यंत्र आणि मेंदूचे आलेख हे प्रकार संमतीवाचून करण्यास मनाई केली. तेथे देहातून मनच वाहून काढले जात होते. हे दोन निकाल शेजारी ठेवले की सीमारेषा कोठे आहे ते दिसते, आणि ती किती बारीक आहे तेही. अमेरिकेतील ओहायो राज्यात २०१६ साली एकाचे घर जळाले. आग लागली तेव्हा आपण घाईघाईने सामान बांधून खिडकीतून बाहेर टाकले, असे तो म्हणाला. पोलिसांनी न्यायालयाच्या परवान्याने त्याच्या पेसमेकरमधील नोंदी काढल्या, आणि एवढी धावपळ त्या हृदयाने केलेली असणे फारसे संभवनीय नाही असे एका हृदयतज्ज्ञाने सांगितले. २०१७ साली न्यायाधीशांनी तो पुरावा ग्राह्य ठरविला. खटला उभा राहण्यापूर्वीच आरोपी मरण पावला. तो दोषी होता की नाही यात आम्हांस रस नाही. छातीत यंत्र बसविताना त्याला विचारले असणारच, आणि त्याने होकार दिला असणारच, कारण दुसरा पर्याय मरण हा होता. तो होकार हृदय चालविण्यापुरता होता की त्याच्याविरुद्ध बोलविण्यासाठीही, हे तेव्हा कोणीच विचारले नव्हते.

मराठी भौतिकशास्त्राच्या पुस्तकांत 'फील्ड' या शब्दासाठी 'क्षेत्र' हा शब्द आहे: विद्युत्‌क्षेत्र, चुंबकीय क्षेत्र. ज्यांनी तो योजला त्यांच्या मनात गीतेचा तेरावा अध्याय होता किंवा नव्हता, पण तेथे देहाला क्षेत्रच म्हटले आहे, आणि ते क्षेत्र जाणणारा तो क्षेत्रज्ञ. ज्ञानेश्वरांनी या अध्यायावर किती विस्ताराने लिहिले आहे हे आमच्या वाचकांस ठाऊक आहे. वाहिनी आणि क्षेत्र यांत आम्हांस असा फरक दिसतो की वाहिनीला फक्त दोन टोके असतात. क्षेत्राला जाणणारा असतो. एवढे म्हणून आम्ही थांबलो असतो तर आमच्या परंपरेने पाश्चात्त्य अभियंत्यास धडा दिला असे वाटून काही मंडळी संतुष्ट झाली असती. पण आमच्या घरी तेराव्या अध्यायाचे पारायणही होई आणि पाणी वरून ओतून देण्याची रीतही पाळली जाई. एकाच ओसरीवर, एकाच सकाळी. क्षेत्रज्ञ सर्व क्षेत्रांत एकच आहे हे आजोबा सुरेख समजावून सांगत. पाणी ज्याच्या ओंजळीत पडे तो ओसरीखालीच उभा असे, आणि त्याला ते ऐकूही येत असणार.

म्हणून 'विचारले काय' हा प्रश्नच आम्हांस क्षेत्र-क्षेत्रज्ञांच्या चर्चेपेक्षा अधिक भरवशाचा वाटत आला. तत्त्वज्ञान काहीही असो, विचारण्याची सवय असली की माणूस तार होण्यापासून वाचतो, असे आम्ही मानतो. मात्र या मताला आमच्याच आयुष्यातील एक गोष्ट छेद देते, आणि ती लपवून हा लेख पुरा करणे आम्हांस योग्य वाटत नाही.

१९६६ साली आजी अखेरच्या दुखण्याने रुग्णालयात होती. तेव्हा कार्डिओग्रामला चिमटे नसत. रबरी पट्ट्यांनी धातूच्या चकत्या हातापायांस बांधीत आणि खाली खारट मलम चोपडीत. यंत्र आले त्या रात्री आजी घाबरली व हात ओढून घेऊ लागली. पट्टी टिकेना, लेख निघेना. तेव्हा रात्रपाळीच्या आयाबाई पुढे झाल्या, त्यांनी तिचे मनगट आपल्या हातात धरून थोपटले, आणि आजी शांत पडून राहिली. लेख निघाला. यंत्र गेले तरी आजीने तो हात सोडला नाही. पहाटेपर्यंत त्या बाई पलंगाशी स्टूल घेऊन बसून होत्या. मधूनच चमच्याने पाणी पाजीत होत्या. पाणी आजी प्याली.

त्या बाई कोण, कोणत्या वस्तीतल्या, हे आम्हांस ठाऊक होते. वडिलांनाही होते. आजीला नव्हते, आणि तिला कळते तर तिने तो हात झटकला असता, घोटभरही पाणी घेतले नसते, याविषयी आमच्या मनात शंका नाही. सत्तर वर्षे जे ती जीव ओतून पाळीत आली ते आम्ही तिला न विचारता मोडू दिले. बाईंनाही आम्ही विचारले नाही. ज्या म्हातारीचा हात धरून त्या बसल्या आहेत ती शुद्धीवर असती तर त्यांच्याशी कशी वागली असती, हे त्यांना सांगावयास हवे होते काय? कदाचित त्यांना ते आमच्याहून चांगले ठाऊक असेल. सकाळी पाळी संपवून जाताना त्या वडिलांना एवढेच म्हणाल्या, "आजीबाईंचा हात फार गार पडतो, पांघरुणात ठेवत जा." वडिलांनी मान हलविली. त्यांचे नाव विचारावयाचे आमच्यापैकी कोणासही सुचले नाही.